मोटार कुणी चालू केली

नाना, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगते. काल कोरीटला तुमच्या पुतण्याच्या तेराव्याला गेले होते. जेवणं उरकल्यावर मिशा पिकलेला एक माणूस उठला आणि भरल्या मांडवात त्याच्या फोटोकडे बोट करून म्हणाला, "मन्ही मायना जीव यानी वाचाडा. मोटार बंद पडनी व्हती, यानी चालू करी, तवय मी जन्मले उना." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बघत बसले. ही गोष्ट तुम्ही रचलीत, नाना, आणि ती तुमच्या मागेही गावात सुखाने नांदते आहे.

लढाईचे दिवस होते. नवरा वारला म्हणून मी माहेरी परत आले होते. तुम्ही नंदुरबारला जिनिंगवाल्या शेटजींचे ड्रायव्हर. त्यांनी टाकून दिलेली जुनी मोटार तुम्ही बैलगाडीमागे बांधून कोरीटला आणलीत, अंगणातल्या निंबाखाली उभी केलीत आणि पुतण्याला शिकवायला घेतलंत. त्याला, कारण तो पुरुष. मला, पोटच्या लेकीला, रॉकेलचं घमेलं दिलंत. "तुले भांडा घासता येतंस ना? मंग हाई बी घास." मी एकेक सुटा भाग धुते आहे, तुम्ही त्याला सांगता आहात की पेट्रोल इकडून येतं, हवा तिकडून, ठिणगी इथे पडते. तो जांभया देतो. मी विचारते, "नाना, ह्या बारीक भोकमाईन काय जास?" तुम्ही मानही न वळवता म्हणता, "तुले काय करनं शे?"

मला काय करायचं होतं ते तुम्हाला दिसत नव्हतं असं नाही. दुपारी घर कलंडलं की मी बॉनेट उघडून बसायची. पहिल्यांदा कार्बुरेटर खोलला तेव्हा परत जोडताना एक वायसर हातात उरला. पुन्हा सगळं खोललं, त्याची जागा सापडेपर्यंत. बोटं सोलली, नखं काळी झाली. आई भाकरीच्या पिठात ती नखं बघून कपाळाला हात लावायची. शिकवणारं कुणी नसताना मी चुकत चुकत शिकले. तुमचा आवाज तेवढा कानावर पडत होता, तोही दुसऱ्यासाठी निघालेला.

मग शेजारच्या सुनेची वेळ आली. मूल अडलं. सुईण दारात येऊन ओरडली, "मोटार काढा, नही ते पोर मरी जाई!" ती परत सुनेकडे पळाली, अंगणात आम्ही दोघंच उरलो. तुम्ही हिवतापाने ओसरीत खाटेवर. पुतण्या हँडल मारमारून घामाघूम झाला, इंजिन एकदा फुरफुरायचं आणि मरायचं. त्याने मागे हटून रडवेल्या आवाजात विचारलं, "मंग मी काय करू?" रेशनचं पेट्रोल किती घाण यायचं ते मला माहीत होतं, गाळणं मीच धुवायची. मी पदर खोचला, कार्बुरेटरचं जेट, ते बारीक भोकाचं नळकं, काढलं, तोंडाला लावून जोरात फुंकलं. बारीक कचरा उडाला. पेट्रोलने जीभ भाजल्यासारखी झाली. परत बसवलं, म्हटलं, "मार हँडल." मोटार चालू झाली. सुनेला मागे निजवलं, पुतण्या नंदुरबारच्या दवाखान्यात घेऊन गेला. बाई वाचली, मूलही.

नारळ आणि फेटा घेऊन माणसं आली तेव्हा तुम्ही ओसरीत बसून म्हणालात, "मन्हा पुतन्यानी दुरुस्त करी." फेटा त्याला बांधला. मी चहा घेऊन उभी होते. माणसं गेल्यावर मी म्हटलं, "नाना, मोटार मी चालू करी. तुम्हनी देखं."

"माले माहीत शे," तुम्ही म्हणालात. "पन कोनले सांगू नको. तुन्हा पाट लावना शे मले. ह्या असा हातनी बाई कोन करी?" आणि माझ्यासमोर सगळे पाने पुतण्याच्या हवाली केलेत. तुम्ही माझं भलं बघत होता म्हणे. माझं भलं माझ्या बोटांत होतं, नाना, आणि तुम्हाला त्याची लाज वाटली. त्या मोटारीला मी पुन्हा हात लावला नाही.

पाट लागला, दुसरं लग्न झालं, नवापूरला. ह्यांची पिठाची चक्की होती, ऑइल इंजिनवर चालणारी. एकदा ती बंद पडली, सुरतेचा मिस्त्री येईना, आणि दारात दळणाची रांग. ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि पाना पुढे केला. ना प्रश्न, ना लाज. मी त्या दिवशी इंजिनाआड बसून रडले. आनंदाने नाही, तुमच्यावरच्या संतापाने. इतकं सोपं होतं ते!

तुम्ही नवापूरला एकदाच आलात. इंजिन मीच सांभाळते हे ह्यांनी कौतुकाने सांगितलं. तुम्ही डोळे मिटून बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकत राहिलात. मला वाटलं, आता तरी. तुम्ही म्हणालात, "टॅपेट ढिला शे." तेवढंच. चहा घेतलात, टोपी घातलीत आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलात. पावसाळ्याआधी तुमच्या मयताचा निरोप आला.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तो पोचायचा नाही. तरी एक लिहून ठेवते. तुमची गाडी सुटल्यावर मी चक्कीचं इंजिन थांबवून झाकण उघडलं होतं. टॅपेट, झडप उचलणारा तो दांडा, ढिलाच होता. त्याची बारीक टकटक मी ऐकली नव्हती.