संस्कृतीचे ट्रे

चितेगाव, रविवार

आई, तुला आणि बाबांना सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे, डबाही वेळेवर येतो. बाबांचा खोकला थांबला का?

आमच्या कारखान्यात गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून तिच्यातून एन्झाइम काढतात, हे तुला माहीतच आहे. पाच वर्षं मी ते करतेय. पण सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या संस्कृती नावाच्या मुलीचे ट्रे कापसासारखे पांढरेशुभ्र येतात, आणि शिफ्टची प्रमुख तिलाच करणार म्हणतात. आई, मला ते बघवत नाही.

ती असं काय करते ते पाहायला मी रोज जेवणाच्या सुट्टीत तिच्या ट्रेवरचं कापड उचलायचे. काल दुसरीच बुरशी शिरून तिचे सगळे ट्रे हिरवे पडले. साहेब तिला बोलले. ती रडत माझ्याकडंच आली.

"ताई, माझं काय चुकलं?"

"पाणी लई झालं असंल," मी म्हणाले.

लोणच्याची बरणी सारखी उघडते, बुरशी येईल म्हणून तू माझ्या हातावर मारायचीस, ते रात्रभर आठवलं.

उद्या साहेबांना खरं सांगते. मग प्रमुख तीच होईल, आणि ते अजूनही माझ्या घशाखाली उतरत नाही.

बाबांना फक्त डब्यापर्यंतचं वाचून दाखव.

तुझी,
सरिता