उठताना हात कुठे होता

बाबा, आता कबड्डी टीव्हीवर दिसते. माती नाही, गादी असते, आणि खेळाडूंच्या पायात बूट. एखादी जोरदार पकड झाली की तीच पाच-सहा वेळा सावकाश करून दाखवतात, या बाजूने, त्या बाजूने, वरून. तुमची नात सोफ्यावर उभी राहून ओरडते, तिचा आवडता खेळाडू कुणाला आपटतो तेव्हा तो ‘फायटर’ असतो आणि समोरच्यानं तेच केलं की ‘गुंडा’. मी भाजी निवडत बसलेली असते. पकड झाली की माझे हात थांबतात. मी पकड बघत नाही, पकडणारा उठताना हात कुठे टेकतो ते बघते. ही सवय तुमची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा चष्मा, तुमची सायकल, सगळं कुठे ना कुठे गेलं, ही सवय मात्र माझ्याकडे राहिली आहे.

गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या घराचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही राईस मिलमधून आलेले, भुवयांवर कोंड्याची पूड, आई चुलीपुढे. मी कॉलेजात होते तेव्हा, आणि तुम्हाला विचारलं होतं की लोक एवढे भांडतात, मग चांगला खेळाडू कोणता आणि आडदांड कोणता हे ठरवायचं कसं? तुम्ही सरळ जमिनीवर पालथे झालात, गाल शेणानं सारवलेल्या भुईला लावलात आणि म्हणालात, “माझ्या पाठीवर हात ठेव. आता त्याच्यावर भार देऊन ऊठ.” मी हात ठेवला. भार काही देता येईना. “ऊठ ना!” तुम्ही खालून ओरडलात. आईनं वळून बघितलं आणि म्हणाली, “पोरीले कुस्ती शिकवून राहिले का? भाजी करपली तिकडं!” तुम्ही उठून बसलात, गालाला शेणाचा हिरवट डाग, आणि मग सांगितलंत. तुम्ही चढाई करणारे. आपल्या वस्तीचा संघ मैदानात उतरला की टाळ्या कमी आणि बोलणी जास्त, ते दिवस. एकदा तुम्हाला पाच जणांनी दाबलं. हाड मोडलं नाही, फार लागलंही नाही. पण शिट्टी वाजल्यावर सगळ्यात वरचा जो होता तो तुमच्या तोंडावर पंजा टेकून, सावकाश, लोकांकडे बघत उठला. “पकडलन त्याचं काही नाही, बाई. खेळच तो हाये. दुखते, बसते. पण आपल्यावर टेकून उठला, ते नाही जात.” माती एवढी मोठी पडली आहे, तिच्यावर हात टेकायला काय होतं, असं तुम्ही म्हणालात आणि जेवायला बसलात.

म्हणून नव्व्याण्णव साली आत्यानं आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडचं स्थळ आणलं तेव्हा तुम्ही फोटो बघायला नकार दिला. मुलगा वीज खात्यात नुकताच लाइनमन लागलेला आणि गावाच्या संघाचा डावा कोपरा सांभाळणारा. “फोटोत सारेच गरीब दिसतात,” तुम्ही म्हणालात. “खेळताना पाहू.” आणि मला बरोबर घेतलंत. कुणी मुलीला असं नेतं का, म्हणून आई दोन दिवस बोलत होती. आत्याच्या गावी मंडई आहे, दिवाळीनंतरची जत्रा, पोरगी मंडई पाहायला येते, एवढंच सांगायचं ठरलं.

धान निघून गेलेल्या शेताच्या बांधीत मैदान आखलं होतं. पांढऱ्या फक्कीच्या रेषा, कडेनं धानाची वाळकी तणस पसरलेली, तिच्यावर माणसं दाटून बसलेली. बायका पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर. मी आत्याजवळ उभी राहिले, तुम्ही समोरच्या बाजूला, बरोबर रेषेला लागून. सामना सडक अर्जुनीच्या संघाशी होता. मुलगा कोणता ते आत्यानं कोपरानं ढोसून दाखवलं. बुटका, रुंद, मान जवळपास नाहीच. माझी निराशा झाली हे खरं. मग त्यांचा उंच चढाईवाला आला, दम घुमवत, पाय लांब टाकत, आणि या बुटक्यानं खाली बुडी मारल्यासारखी त्याची मांडी धरली, उचलला, आणि दोघं मिळून जे पडले त्याचा आवाज धुऱ्यापर्यंत आला. चढाईवाल्याचा खांदा खाली सापडला होता.

त्यानंतर जे झालं त्याला मी लोकांचा कल्ला म्हणते, दुसरा शब्द माझ्याकडे नाही. एका बाजूनं “कसाई हाये बे हा! माणूस मारते का?” आणि दुसऱ्या बाजूनं “खेळता येत नाही तं भजन कर ना घरी!” कुणीतरी हिंदीत पंचांच्या सात पिढ्या काढत होतं. आत्या म्हणाली, “मेलाच वाटते बाप्पा तो!” शेजारची एक बाई शांतपणे म्हणाली, “मेला कायचा, पाणी मागून राहिला.” त्याला उचलून नेलं. त्याचा हात एका बाजूला लोंबत होता. आजही मला हे नवल वाटतं की तीच पकड, तेच दोन देह, आणि शंभर पावलांवर बसलेल्या माणसांना एकाच वेळी तिच्यात एक शूर माणूस आणि एक खाटीक दिसत होता. मी मात्र उठणं पाहिलं होतं. शिट्टी झाली होती. त्या मुलानं खालच्याच्या गालावर पंजा ठेवला, दाबला, आणि मग उठला. एक क्षण जास्तच घेतला त्यानं.

परत येताना बस स्टँडकडे चालत होतो. तुम्ही उकडलेले शिंगाडे घेतले, सोलून एकेक माझ्या हातावर ठेवत होतात. तुम्ही खुशीत होतात. “पकड मोठी साफ होती, बाई. खांदा गेला तो नशिबानं गेला, पकडीत खोट नाही. पण ऐन वेळी माझ्यासमोर एक रेड्यासारखा माणूस उभा झाला. उठणं दिसलंच नाही मले. तुले दिसलं का? हात कोठी ठेवलन?”

“मातीवर,” मी म्हणाले.

“पक्कं?”

“पक्कं, बाबा.”

तुम्ही मान हलवलीत. एवढंच. लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. चौथ्या वर्षी तुम्ही गेलात, आणि शेवटच्या आजारपणात जावयानं तुम्हाला उचलून न्हाणीत नेलं, आणलं, तेव्हा आईला तुम्ही म्हणालात, “मी पाहून देलो होतो पोरगी.” तुम्ही पाहिलं नव्हतंत, बाबा. तुम्ही माझ्या शब्दावर दिली होतीत.

आता सांगायचं ते असं की यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. आवाजही फारसा चढवला नाही. मी बाळंतीण असताना धुणं धुतलं, ते शेजाऱ्यांना दिसेल असं अंगणात धुतलं. पण मी वाट बघत राहिले. हे जेवून उठताना, पलंगावरून उठताना, माझी नजर हातावर. एकदा गोंदियात बाजारात आमची मुलगी ट्रकसमोर धावली, यांनी तिचं मनगट धरून ओढलं, आणि मी अशा आवाजात “सोडा तिला!” म्हणाले की भाजीवाली वर बघायला लागली. यांनी सोडलं. मग स्वतःच्या हाताकडे बघत उभे राहिले.  घरी आल्यावर मला विचारलं, “तुले मायी भीती वाटते का?” मी म्हटलं, काहीतरीच काय. यांचा विश्वास बसला नाही, आणि मी हे का करते ते मला सांगता येईना, कारण ते सांगायचं तर गोरेगावच्या त्या दुपारपासून सांगावं लागलं असतं. तुम्ही मला उठणं बघायला शिकवलंत, पण एकदा पाहिल्यावर पाहणं थांबवायचं कसं ते सांगितलं नाहीत. एका क्षणावरून मी या माणसाला इतकी वर्षं मैदानात उभं ठेवलं होतं.

मग अलीकडे, म्हणजे मुलगी दहावीला होती त्या वर्षी, एका नातेवाइकाकडे जाताना सडक अर्जुनीजवळ हायवेवर ढाब्यात जेवायला थांबलो. दुपारची वेळ, ट्रक रांगेनं उभे. गल्ल्यावरचा उंच माणूस यांच्याकडे बघतच राहिला आणि तिथूनच ओरडला, “अरे, लेफ्ट कॉर्नर!” तो तोच होता, खांदा गेलेला चढाईवाला. यांच्या गळ्यात पडला, आणि मला म्हणाला, “वहिनी, तुमच्या या माणसानं मले मारूनच टाकलं होतं!” हात वर करून दाखवला. कानापर्यंत जातो, पुढे जात नाही. “थंडीत दुखते. मग याले दोन शिव्या देतो, बरं वाटते.” स्वतः वाढायला उभा राहिला. मी म्हटलं, तुम्हाला राग नाही? तो हसला. “मले कायचा राग? राग गावाले हाये. अजून भांडतेत लोक, त्यानं मुद्दाम केलन का नाही. मी म्हणतो, अरे, खांदा माया, तुम्ही काऊन तापून राहिले?”

यांनी घास ताटात ठेवला. “पकडीचं जाऊ दे,” हे म्हणाले. “शिट्टी झाल्यावर मी तुया तोंडावर हात दाबलो होतो.”

बाबा, इतक्या वर्षांत मला वाटत होतं ते फक्त मी पाहिलं.

“मालूम हाये ना बे,” तो म्हणाला. “त्याच्या आधी मी तुया दंडाले चावलो होतो. ते नाही सांगत कोणाले?” आणि दोघं इतके हसले की एका ट्रक ड्रायव्हरनं खाट सोडून येऊन विचारलं, काय झालं.

मला तिथंच सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. चावला होता, म्हणून दाबलं, हिशेब मिटला. परत येताना जंगलाच्या पट्ट्यात यांनी पाय मोकळे करायला गाडी थांबवली, तेव्हा मी तसं म्हणालेही. पण हे नाही म्हणाले. “चावला त्याच्यानं नाही. चावणं-बोचकारणं तं चालतेच. लोक ओरडून राहिले होते, दाब, दाब म्हणून. चार बांध्या भरून माणसं, आणि सारे मायासाठी ओरडत. आपल्यासाठी तेवढा आवाज कोणी काढते का कधी? हात आपोआप गेला. उठल्यावर लाज वाटली. त्या सालानंतर खेळलो नाही मी.” मग गाडीला किक मारली.

मी मागे बसले. गोंदिया येईपर्यंत मागची कडी धरून बसले, यांच्या खांद्याला हात लावला नाही. यांना वाटलं मी रागावले. घरी आल्यावर यांनीच चहा केला.

हे पत्र मी तीन रात्री नाही, तीन दुपारी लिहिते आहे, मुलगी क्लासला आणि हे लाइनवर गेले की. कुठं टाकायचं नाही, ते मला ठाऊक आहे. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ‘मातीवर’ म्हणाले ते तुमच्या खुशीसाठी, तुमच्या हातातल्या त्या शिंगाड्यांसाठी, आईची दगदग वाचावी म्हणून. यांना मी कधी सांगणार नाही, तुम्हाला मात्र सांगते. तुम्ही पलीकडच्या बाजूला होतात, तुम्हाला ऐकू आलं नसणार. धुऱ्यावर चपला हातात घेऊन, आत्याच्याही वर आवाज चढवून, मी ओरडत होते, “दाब! दाब त्याले!” आणि त्यानं दाबलं तेव्हा, बाबा, मला तो आवडला.