या घराला मांजरं किती झेपतात

१४ जानेवारी १९७३, रविवार. म्हसवड

संक्रांत. तिळगूळ नावाला. शेजारची पारूबाई आली ती मांजर काखेत मारूनच. उद्या सगळं बिऱ्हाड दुष्काळी कामावर खडी फोडायला चाललंय, माळशिरसच्या बाजूला. तिथंच पालात राहणार. "मास्तरीणबाई, चांदीला ठिवा. तिकडं कुत्री लय हायत." सणाच्या दिवशी दारात आलेल्या बाईला नाही कसं म्हणणार? घेतली.

आत्याबाई जेवताना बोलल्याच. "सिंधू, एका घराला एक मांजर. आपली सोनी हाय की." म्हटलं, पाऊस पडेपर्यंतच. "पाऊस तुज्या हातात हाय व्हय?" सासू बरोबर बोलली की जास्त राग येतो.

माझी रेखा मात्र खूश. नऊ वर्षांची घोडी, पण मांजर दिसलं की तीन वर्षांची होते.

२१ जानेवारी, रविवार

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी टोपली, वर फडकं बांधलेलं. आत बोका. एक कान फाटका. वरच्या आळीतल्या नानांचा, मी ओळखते. नाना-नानी काल पुण्याला लेकाकडे गेले, घराला कुलूप. एका शब्दानं विचारलं नाही! पारूबाई निदान समोर उभी राहून बोलली. हा माणूस गावात शहाणा म्हणून मिरवतो, आणि पहाटे चोरासारखा येऊन टोपली ठेवून जातो. माझ्या दारावर पांजरपोळाचा बोर्ड लावलाय का?

दिवसभर धुसफूस. संध्याकाळी बोक्याला भाकरी घातली. त्याचा काय दोष.

३० जानेवारी

सहा झाली. मागच्या बंद घरातली पांढरी आणि तिची दोन वाढती पोरं आता आमच्याच चुलीपाशी. तिथं कोणी उरलंच नाही तर ती तरी काय करणार. अर्धी आळी कुलपात आहे.

रेशनवर येणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी मांजरं हुंगतात आणि बाजूला होतात. आम्ही तीच खातो. आधी चिडले, मग वाटलं त्यांचंच बरोबर आहे. शेवटी ताकाच्या पाण्यात कुस्करून दिली तर खाल्ली.

पठाणकोटला, पलटणीत यांना कळवलेलं नाही. 'सगळे मजेत' एवढंच. सगळे म्हणजे किती, ते विचारायला सुट्टीवर यावं म्हणावं.

२ फेब्रुवारी

टँकरवर भांडण. रांगेत पुढे गजरा, खालच्या आळीची, तिची मंगल माझ्या तिसरीच्या वर्गात आहे. माझी दुसरी घागर बघून मोठ्यानं म्हणाली, "मास्तरणीच्या मांजरांना बी घागर लागती बरं का. आमच्या पोरांनी थुंकी गिळायची." बायका हसल्या.

मी म्हटलं, घरात तीन माणसं आहेत, दोन घागरी सगळ्यांनाच मिळतात, तू मोज. मांजर पाणी पितं वाटीभर. ती म्हणाली, "वाटी आन् वाटी सा झाल्या की किती हुत्यात, शाळेत शिकिवता न्हवं?"

घागर डोक्यावर घेऊन निघाले. घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. वाटलं, बाजू घेतील. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता, "बाईच्या जिभेला हाड न्हाई. पर हिशेब चुकला न्हाई तिचा."



११ फेब्रुवारी, रविवार

आत्याबाईंनी मांजरांना नावं ठेवायला मनाई केली आहे. नाव दिलं की ते घरचं झालं म्हणे. रेखानं पांढरीच्या पोरांना नावं दिलीच आहेत. मला सांगत नाही, कानात हाक मारते.

रेखा दमल्यासारखी दिसते. ऊन फार.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार



मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी बोलावलं. दार लोटून घेतलं. "बाई, गावातून तक्रार आली आहे. शाळेची सुखडी तुमच्या मांजरांच्या पोटात जाते म्हणतात."

सुखडी म्हणजे दुष्काळात मुलांना मिळणारा सरकारी खाऊ, त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. रोज दुपारी मुलांच्या हातावर मी स्वतः वाटते. भुगासुद्धा शेवटच्या पोराच्या तळहातावर झटकते. आणि माझ्यावर हा आळ! कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाले, नाव कशाला. नाव मला माहीत आहे. गजराच.

किल्ली टेबलावर ठेवली. म्हटलं, उद्यापासून तुम्ही वाटा. ते म्हणाले, "मी फक्त विचारलं, बाई." म्हटलं, विचारलंत ना? झालं तर मग. एवढी वर्षं नोकरी केली ती हे ऐकायला?

वर्गात गेले. मंगल पहिल्या रांगेत. तिच्याकडे बघवेना. पोरीला पाढा विचारला आणि एक चूक झाली तशी उगाच ओरडले. पोरीचा काय संबंध.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळची शाळा. प्रार्थनेला रेखा चक्कर येऊन पडली. उचलली तर हलकी लागली. इतकी हलकी कधी झाली?

घरी आणून झोपवलं, फ्रॉक बदलला. खिशात मुंग्या. आतून खिसा तेलकट, कडेला सुखडीचा चुरा.

विचारलं. म्हणाली, "मी चोरली न्हाई आई. माझ्या वाटणीची हाय." किती दिवस? बोक्याच्या टोपलीपासून. आधी थोडी ठेवायची, आता सगळीच. "चांदीच्या पोटात पिल्लं हायत. तिला ताकातली भाकरी पुरती व्हय?" आणि घरी जेवताना अर्धी भाकरी फ्रॉकच्या ओच्यात.

हात उगारला होता. आत्याबाईंनी मनगट धरलं. इतक्या जोरात की वळ उठला. "तिला मारती? ताटं तू वाढती का मी? दोगीच्या डोळ्यांम्होरं पोर वाळली."

मग दोघी स्वयंपाकघरात बसून राहिलो. सहाच्या सहा मांजरं भोवती. गुबगुबीत नाहीत, पण तब्येतीनं बरी. कोणाच्या जिवावर, ते समोर पलंगावर झोपलं होतं.

राग कोणावर करू? नानांवर? पारूबाईवर? मी म्हणत होते माझ्या घराला झेपतंय. माझ्या घराला नव्हतं झेपत, माझ्या पोरीला झेपवायला लावलं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

हे.मा.ना जाऊन सांगितलं. तक्रार खोटी आहे, पण सगळी खोटी नाही. रेखाचं सांगितलं. त्यांनी किल्ली माझ्यापुढे सरकवली. "मुलांना इथंच, समोर बसवून खायला लावत जा."

एवढंच. मला वाटलं होतं माफी मागतील. ती मागितली नाही, ते लक्षात ठेवलंय.

घरी ठरवलं. आत्याबाई म्हणाल्या एक, मी म्हटलं दोन. सोनी आपली, चांदी शब्द देऊन घेतलेली. बाकी चार उंब्रजला, माझ्या भावाकडे. कृष्णेचं पाणी, ऊस, दुभती जनावरं, आणि गुळाच्या खोलीत उंदीरच उंदीर. रेखा रडली, पण जेवली. समोर बसवून.

२५ फेब्रुवारी, रविवार

उंब्रज. दोन टोपल्या, चार मांजरं, दोन गाड्या बदलून.

पहिल्या एस.टी.त ड्रायव्हरच अडून बसला. "मांजर आडवं गेलं तर आमी गाडी थांबवतो. हितं तर आतच बसवायचं?" म्हटलं, आडवी कुठं जातायत, सरळ उंब्रजला चाललीत. लोक हसले म्हणून निभावलं. बोका कराडपर्यंत एका सुरात ओरडला.

माहेरी पोचले. अंगणात हिरवा चारा पडलेला बघून डोळे दिपले. दादा म्हणाला, ठेव की, लय उंदरं झाल्यात. वहिनी बाहेर आल्या. टोपलीत डोकावून, "चार? आवं वन्सं, चार मांजरं म्हणजे घरभर घाण. पोरं दोन ठिवते, मोठी न्हेवा माघारी."

मी म्हटलं, वहिनी, तुमच्या गोठ्यात दूध सांडतं त्यात चार मांजरं जगतील. त्या म्हणाल्या, "ज्याचं घर त्याला ठावं." दादा पेपर वाचत बसला. माझा भाऊ! पेपर खाली घेतला नाही.

ज्यांच्या घरात मांजरंसुद्धा मिलो हुंगून टाकतात त्यांना सहा जड नव्हती, आणि ज्यांच्या घरात पाटाचं पाणी आहे त्यांना चार जड. पाणी न पिता निघाले.

बोका आणि पांढरी घेऊन परत. आत्याबाईंनी दार उघडलं, टोपली बघितली, मला वाटलं आता बोलणार. "माहेर बी मोजूनच घेतं बग," म्हणाल्या आणि मला ताक दिलं.

४ मार्च, रविवार

बोका रेशन दुकानदारानं नेला, गोदामात. पोती कुरतडली जातात त्याची. बरं झालं. पांढरी कोणी नेत नाही, म्हातारी आहे. म्हणजे तीन. ठरलं होतं दोन.

रेखा माझ्या समोर जेवते. शेवटचा घास तोंडात जाईपर्यंत मी बघते. काल म्हणाली, "आई, तू असं बघितलंस की घास गिळत न्हाई." दुसरीकडे बघितल्यासारखं करते आता.

१३ मार्च

चांदी व्याली. कुठे? आत्याबाईंच्या पेटीत, घडीच्या लुगड्यांवर. झाकण उघडं राहिलं होतं म्हणतात. आत्याबाई पेटीचं झाकण कधी उघडं ठेवत नाहीत, हे घरातल्या भिंतींनाही माहीत आहे.

तीन पिल्लं. मी म्हटलं, आत्याबाई, एका घराला एक मांजर ना? त्यांनी पेटीवर हात ठेवला. "डोळं उघडूस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई."

डोळे उघडल्यावर काय? मी एकटीच वाईट. मोजायचं मी, नाही म्हणायचं मी, टोपली उचलून दारोदार फिरायचं मी. आणि मांजरांना नावं मात्र आत्याबाई ठेवू देत नाहीत.

२३ मार्च, शुक्रवार

खालच्या आळीतली आणखी बिऱ्हाडं चाललीत. गजरापण. वर्गात आज मुली अकराच आल्या. मंगल आली होती. पाढा बिनचूक म्हटला. मी शाबास म्हटलं तर ती घाबरून खाली बसली. त्या दिवशीचं ओरडणं अजून धरून आहे पोर.

२४ मार्च, शनिवार

दुपारी गजरा आली.

दारातच उभी. टँकरवर केवढा आवाज असतो, आज बोलणं ऐकू येईना. मंगल मागं, पदराला धरून. गजरा म्हणाली, "त्यो शाळेतला बोभाटा मीच क्येला. पोरीनं घरी येऊन सांगितलं, रेखा सुखडी मांजराला न्हेती. मला वाटलं तुमीच लावता तिला." मी आत ये म्हटलं नाही. आत्याबाई आतून म्हणाल्या, "ये गं, उनात का उबी?"

आली. बसली नाही. म्हणाली, "उद्या सकाळी टरक हाय. धाकटी दोन काखेत घेऊन खडी फोडते मी कशी बी. पर हिला न्हेली तर हिच्या हातात हातोडा येतोय. हिला लय डोकं हाय, तुमीच म्हनता." मग एकदम, "मांजरं ठिवता, माजी पोर ठिवा."

अंगाची आग झाली. गावभर माझी अब्रू काढायची, माझ्या पोरीच्या घासावरून मला चोर ठरवायचं, आणि आता माझ्याच उंबऱ्यात? आणि मांजरांच्या रांगेत स्वतःची पोर उभी करायची! तोंडात आलं होतं सगळं. तोंडातून निघालं ते, "किती दिवस?"

गजरा म्हणाली, "आता ते मी कसं सांगू?"

म्हटलं, सकाळी सांगते.

जाताना मंगलनं आईच्या गाठोड्यातून ताट काढलं, जर्मनचं, कडेला पोचा आलेलं. चुलीपाशी ठेवलं. गजरा म्हणाली, "ताट तिचं हाय. तुमच्या भांड्यात भर नको." दोघी गेल्या, ताट राहिलं.

आत्याबाईंना विचारलं, काय करायचं? "तूच मोजती न्हवं? मोज." आणि पिल्लांकडे गेल्या. रेखाला काही विचारलंच नाही. तिनं आपल्या अंथरुणाची एक बाजू रिकामी सोडली आहे, मुद्दाम, मला दिसेल अशी. तिच्यावरही चिडले. पुन्हा आपल्या ताटातलं द्यायला ही मोकळी!

तीन माणसं, तीन मांजरं, तीन पिल्लं. दोन घागरी. मिलो महिनाअखेरपर्यंत पुरेल, न पुरेल. हे एप्रिलात सुट्टीवर येतील, न येतील. कसंही मांडलं तरी उत्तर 'नाही'च येतं.

ताट आत्याबाईंनी घासून आमच्या तीन ताटांशेजारी पालथं घातलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. ट्रक सकाळी सातला.