खाऱ्या पाण्यातले तीळ

१० जाने. २००९, शनि.
टाकीला आज दोन महिने झाले. वाळूवर, दगडांवर, काचेवर तपकिरी पूड. कोणी कॉफी सांडावी तशी. बोटाने पुसली की जाते, संध्याकाळी परत.
आमच्या निखिलने ही समुद्री टाकी घेतली ती ह्यांना एका जागी बसवायला. उजव्या पायाच्या बोटाची जखम दिवाळीपासून भरत नाही. डॉक्टर म्हणाले, साखर उतरवा आणि पाय वर ठेवून बसा, नाहीतर बोट काढावं लागेल. हे आणि बसणं! सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यांवर पायी हिंडण्यात गेलेली. पण त्या दोन नारिंगी माशांपुढे खरंच बसतात. पाय स्टुलावर, तासन्‌तास. तेवढ्यासाठी तरी टाकी जगायला हवी.

१२ जाने., सोम.
येरवड्याहून बसने नारायण पेठेत, मासेवाल्यांकडे. दुकानात पाटी : ‘काचेवर टकटक करू नये. मासे दार उघडत नाहीत.’ मालक साठीचे, चष्म्यावरून बघणारे. बाटलीतलं पाणी दाखवलं.
"टाकी लहान आहे हो अजून. सगळ्याच नव्या टाक्यांना होतं. काही करू नका."
"काहीच नाही?"
"जमेल का तुम्हाला?"
दिवे आठ तास. पाणी फक्त आर.ओ.चं. खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. लिहून आणलं. कॉन्व्हेंटची मुलगी मी, लिहून दिलेलं पाळता येतं.

१७ जाने., शनि.
संक्रांतीपासून बिल्डिंगमधल्या बायका तिळगूळ देऊन जातात. आपल्याकडे हा सण नाही, पण दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. सगळा डबाभर विहारातल्या मुलींना वाटला. (चार ते सहाचा इंग्रजीचा वर्ग. सगळ्यांना कॉल सेंटरचे इंटरव्ह्यू द्यायचेत. ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ म्हटलं की माना खाली. मीही नागपूरला कॉन्व्हेंटात पहिल्या दिवशी अशीच उभी होते, वस्तीतली एकटी, नवे बूट चावत होते.)
डबा नेताना हे म्हणाले, "बघू दे तरी." झाकण उघडून दाखवला. बघितला. "ने."
दिवसभर ते ‘ने’ डोक्यात.
तपकिरी पूड बरीच कमी. मासेवाले बरोबर होते.

२५ जाने., रवि.
पूड गेली, आता हिरवे केस. दगडांना लांब, मऊ केस फुटलेत, पाण्याबरोबर हलतात. दिसायला सुंदर, खरं तर. पण चार दिवसांत दुप्पट होतात. टूथब्रशने घासले, परत आले.
निखिल आला होता खराडीहून, सूनबाई माहेरी. त्याच्या टीममधली सहा माणसं कमी केली. तो राहिला. जेवताना बोलला नाही, टाकीपुढे बोलला.
"दिवे किती वेळ, आई?"
"आठ तास. घड्याळ लावून."
"आणि फीडिंग?"
"चिमूट. मीच घालते."
"मग ह्या शेवाळाला खायला मिळतं कुठून?"
हे खुर्चीतून म्हणाले, "दगडातून येत असेल." बापलेकांनी माना हलवल्या.
सकाळी उपाशीपोटी साखर २१८. ज्वारीची अर्धी भाकरी, मेथी, बिनसाखरेचा चहा. ही तरी येते कुठून?

३१ जाने., शनि.
डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिलं. बोटाच्या टोकाला काळपट. "बारा तारखेला ठरवू. तोवर साखर खाली आली तर बघू. नाही आली तर..." पुढचं हातानेच दाखवलं.
रिक्षात हे म्हणाले, "एक बोट गेलं तर बूट सैल होईल, एवढंच." मी बाहेर बघत राहिले.

३ फेब्रु., मंगळ.
लिहू की नको.
सकाळी सगळ्यात मोठा दगड टाकीच्याच पाण्यात, बादलीत काढला. केस बोटांनी उपटत बसले. आई दारात बसवून माझ्या डोक्यातल्या उवा काढायची, तसंच, ओळीओळीने. बोटाला काहीतरी लागलं. पांढरं. अळी वाटली. अळी नव्हती. तीळ. मग आणखी एक. मग अकरा.
टाकीखालचं कपाट उघडलं. मिठाच्या बादलीमागे, मोटारीच्या वायरींच्या आत, स्टीलचा डबा. आत तिळाच्या वड्या, नीट कागद घालून लावलेल्या. सरकारी फाइली लावायचे तशा.
हे खुर्चीत डोळे मिटून. झोपेत पायाचा अंगठा हलत होता. डबा जिथल्या तिथे ठेवला. शाळेत सिस्टर फिलोमिना शुक्रवारी आमच्या डेस्कची झाकणं उघडून बघायच्या. माझ्या डेस्कात एकदा बोरं सापडली. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. आज मी तशीच उभी होते, आणि मलाच चोरी केल्यासारखं वाटत होतं.

४ फेब्रु., बुध.
वर्गातून पाचला उठले. मुलींना म्हटलं, डोकं दुखतंय. (खोटं.) किल्लीने दार हळूच उघडलं.
खुर्ची टाकीला लागून. वडीचा तुकडा तोंडात, उरलेला कण दोन बोटांत चुरून पाण्यावर धरलेला. माशांशी बोलत होते, "हळू रे. तुलाही आहे."
मी पिशवी खाली ठेवली. हे वळले. लपवलं नाही, लपवायला वेळच नव्हता.
"कोण देतं?"
"वरच्या वहिनी. रथसप्तमीपर्यंत देतात म्हणे. तू चारला जातेस, त्या सव्वाचारला यायच्या. त्यांना पायाचं माहीत नाही. मी सांगितलं नाही."
"आणि माशांना कशाला?"
बोटं पुसली. मग, "एकट्याने कसं खायचं? आमच्याकडे लपून खाल्लं तर आई ताटावरून उठवायची. हे दोघं आहेत ना समोर. टक लावून बघतात."
मी ओरडले. इतक्या वर्षांत अशी ओरडले नव्हते. तुमचं बोट जाईल, पाय जाईल, आणि माशांना वाटा देताय! हे म्हणाले, "शालू, तू भाकरी मोजतेस, पाणी मोजतेस, दिवे मोजतेस. मी पण बत्तीस वर्षं पाणीच मोजलं गं. एखादी गोष्ट कोणी न मोजता हातावर ठेवली ना, की..."
मी टाकीखालचं कपाट उघडलं.
डबा विहारातल्या मुलींना नेऊन दिला. वर जाऊन वहिनींना पायाचं सांगितलं. त्या बिचाऱ्या रडायलाच लागल्या.

५ फेब्रु., गुरु.
संध्याकाळी बुद्धवंदना. हे खुर्चीवर, मी चटईवर. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, त्यांचा आवाज खाली गेला. माझाही गेला. वर्गातलं ‘डोकं दुखतंय’ आठवलं.

७ फेब्रु., शनि.
मासेवाल्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.
"तिळगूळ? मग? गोड बोलायला लागले का मासे?"
मग गंभीर झाले. गूळ पाण्यात विरघळतो, तीळ कुजतात, शेवाळाची चंगळ. थोडं पाणी बदला. नंतर तीन दिवस टाकी पूर्ण झाकून ठेवा, प्रकाशाचा कण नको. माशांना चालतं. शेवाळ उपाशी मरेल.
"सगळं?"
"सगळं कधीच मरत नाही हो बाई. तुमच्या माणसाला म्हणावं, खायचं तर टाकीपासून लांब बसून खा."

८ फेब्रु., रवि.
निखिल म्हणतो, विकून टाकू टाकी. "तुझ्यावर दोन-दोन पेशंट." बापाकडे न बघता बोलला. ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. उलटा.
मी म्हटलं, "नको. बसणार कुठे मग ते?"
"आई, बसून तरी काय झालं?"
खरं आहे. रागावता आलं नाही. जाताना त्याने वाकून ह्यांचा पाय स्टुलावर सरळ केला, उशी ठेवली.

९ फेब्रु., सोम.
टाकीवर जुनी जाड चादर, वर काळा कागद, कडांना चिकटपट्टी. हे चादरीसमोर जाऊन बसले.
"काय बघता?"
"आवाज ऐकतो. मोटार चालू आहे."
मी चारला वर्गाला गेले नाही. मग वाटलं, पहारा द्यायला थांबले असं वाटेल ह्यांना. साडेचारला गेले. मुली खूश.

११ फेब्रु., बुध.
साखर १७४. २१८ वरून. बोट मात्र तसंच दिसतं मला. की संध्याकाळच्या उजेडात तसं दिसलं. पट्टीची गाठ दोनदा सुटली, त्यांनी गाठीवर बोट धरलं.

१२ फेब्रु., गुरु. सकाळी.
आठला चादर काढली. हिरवे केस राखाडी, लोळलेले. खालच्या बाजूला मुळं अजून हिरवी. एक मासा लगेच पुढे आला. दुसरा दिसत नाही. दगडामागे असेल, असं आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं.
साखर मोजायला बसले. सुई टोचायच्या आधी त्यांनी माझं मनगट धरलं.
"थांब. आधी सांगतो. काल वहिनी पाय बघायला म्हणून आल्या. पोह्यांचं ताट होतं हातात. दोन घास खाल्ले. तिसरा नाही. त्यांच्यासमोर बसून खाल्ले."
मी विचारलं नव्हतं.
"लिही," म्हणाले, "डॉक्टरांच्या कागदावर लिही. दोन घास."
लिहिलं. मग सुई टोचली. १८१.
डॉक्टरांची अकराची वेळ आहे. रिक्षा खाली आली, दोनदा हॉर्न झाला. हे दारात बसून डाव्या पायात बूट घालताहेत. उजवा बूट हातात घेतला, आत बघितलं, आणि म्हणाले, "हा पिशवीत टाक. घेऊन तरी जाऊ."