अपठित उताऱ्याला स्वमत नसतं

अण्णा, सरावपुस्तिकेतल्या चौकटींबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. ती शांतपणे ऐकून घेणारं माणूस या भूतलावर उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. तुमच्या वेळी उतारा वाचायचा, खाली प्रश्न असायचे, ओळीवर उत्तर लिहायचं, संपलं. आता पानाच्या मधोमध एक गोल असतो, त्यातून चार बाण फुटतात आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला एक चौकट. याला आकृतिबंध म्हणतात. उत्तर त्या चौकटीत बसवायचं. चौकट केवढी? तर मी ब्लाउजला काजं करते ती हिच्यापेक्षा ऐसपैस असतात. माणसाला काही म्हणायचं असेल तर त्याने कुठे जावं? मी दोन शब्द आत लिहिते, उरलेलं वाक्य समासात उतरतं, तिथून खाली जातं, आणि जागा संपली की मी स्वतःचा एक बाण काढून मागच्या पानावर जाते. एकदा सर म्हणाले, "मावशी, हा आकृतिबंध आहे की कर्जतपर्यंतचा नकाशा?"

हो, सर म्हटलं मी. मी पुन्हा शिकते आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आता मोठी आहे. हिशेबाने तुम्ही मला अहो-जाहो करायला हवं, पण ते आपण बाजूला ठेवू. गणित सुटलं. इंग्रजीसुद्धा सुटलं, कसं ते इंग्रजांनाच ठाऊक. अडकलं ते मराठीत. जिच्या जिभेला बदलापुरातली अख्खी सोसायटी टरकून असते, जी दर गणपतीत प्रहसन लिहून चेअरमनला घाम फोडते, ती बाई मातृभाषेत नापास. घरी मी जाहीर केलं की या खेपेला विषय सुटला नाही तर पुन्हा फॉर्म भरणार नाही. घरच्यांनी हे इतक्या चटकन मान्य केलं की मला जेवण गोड लागेना.

का बसतेस, असं कुणी विचारलं तर सांगते, वेळ जात नाही. तुम्हाला खरं कारण सांगायला हरकत नाही. माझ्या दहावीची पुस्तकं आणली त्या रविवारी तुम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरच्या ओट्यावर मांडी घालून प्रत्येकाला खाकी कव्हर घातलंत. आई म्हणाली, "अहो, तिला घालू दे की, घोडी झालीय." तुम्ही म्हणालात, "तिला वाचायचंय. तिचं काम वेगळं, माझं वेगळं." कोपरे इतके कडक दुमडले होते की बोटाला टोचायचे. दिवाळीनंतर तुमच्या छातीत दुखलं आणि तुम्ही गेलात. पाठोपाठ मी उल्हासनगरला जीन्सचे धागे कापायला जाऊ लागले. पुस्तकं अर्धी वाचून झाली होती. उरलेली अर्धी तशीच राहिली, कव्हरासकट. ती मला वाचून संपवायची आहेत, एवढंच आहे ते.

क्लास अंबरनाथ पूर्वेला एका बालवाडीच्या खोलीत भरतो. पोरं घरी गेली की आम्ही प्रौढ त्यांच्या चिमुकल्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसतो आणि भिंतीवरचा हत्ती आमच्याकडे बघून हसतो. सर माझ्या धाकट्याच्या वयाचे. बिचारे पहिल्या महिन्यात सौम्य होते. मग त्यांनी माझी अपठित उताऱ्याची उत्तरं तपासली. अपठित म्हणजे पुस्तकाबाहेरचा, आधी कधी न पाहिलेला उतारा. तो वाचायचा आणि लेखक काय म्हणतो ते चौकटीत भरायचं. त्याला चार गुण. सर म्हणतात, "मावशी, तुमचा पेपर काठावर असतो. हे चार गुण आले तर सुटलात, नाहीतर पुन्हा माझ्या नशिबी."

दोन आठवड्यांपूर्वीचा उतारा श्रमाच्या महतीवर होता. उताऱ्यात नेहमी कुणाची तरी महती असते, झाडाची, वेळेची, आईची. या खेपेला कामगाराची. त्यात लिहिलं होतं, पहाटे कारखान्याचा भोंगा वाजताच कामगार उत्साहाने कामाला निघतात. प्रश्न होता, कामगार कामाला कसे निघतात? मी लिहिलं, "उत्साहाने नाही. उशीर झाला तर गेटवर अडवतात म्हणून. लेखकाने पहाटेचा भोंगा अंथरुणातून ऐकलेला दिसतो." शून्य. आणि शेजारी लाल शाईत सरांचा शेरा, "अपठित उताऱ्याला स्वमत नसतं!"

मी भांडले. म्हटलं, धड्यावर तर तुम्ही स्वमत मागता, तीन-तीन गुण देता. सर म्हणाले, "धडा आपण वाचलेला असतो, मावशी. वाचलेल्यावर मत मांडायचं. न वाचलेल्यावर नाही." अण्णा, हा नियम या देशात फक्त दहावीच्या पेपरात पाळला जातो आणि तोही माझ्यावरच.

माझ्या बाकावर उल्हासनगरच्या कॅम्पातली एक सिंधी बाई बसते. पापडाचा धंदा आहे, सून बी.कॉम. आहे आणि ती उठता-बसता "मम्मी, आप नहीं समझोगे" म्हणते, म्हणून ही दहावीला बसली. तिला अपठितला चारपैकी चार. मला म्हणाली, "दीदी, तुम उतारे से झगडा क्यों करती हो? वो तुम्हारा रिश्तेदार है क्या? सवाल का शब्द पकडो, उतारे में ढूंढो, वो लाइन उतार दो, बात खतम. मेरे को आधा समझता नहीं, इसलिए पूरा मार्क आता है."

मी हसले, पण घरी येताना तुमच्यावर चिडले. कारण ही खोड तुमची. तुमची पहिली पाळी सुटायची, कँटीनमधला आदल्या दिवशीचा पेपर काखेत मारून तुम्ही यायचात. आई भाकऱ्या थापतेय, चूल धुमसतेय, मी चुलीपुढचे शेंगदाणे लांबवतेय, आणि तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून मोठ्याने अग्रलेख वाचताय. वाचून झालं की पेपर मिटता आणि विचारता, "पटलं का तुला?" मी खेळायला पळायच्या घाईत एकदा पटकन "पटलं" म्हटलं. तुम्ही माझं बखोट धरलंत. "पटलं म्हणायला काय लागतं? मान तर नंदीबैलही हलवतो." आई तव्यावरून म्हणाली, "पोरीला भांडकुदळ करून ठेवा, सासरचे आपल्याला दुवा देतील." सासरच्यांनी खरंच काय काय दिलं ते वेगळ्या पत्रात लिहीन.

तर मी ठरवलं की पास व्हायचं असेल तर तुमचं तोंड बंद करायला हवं. इतकी वर्षं कुठलीही गोष्ट वाचली, ऐकली की कानात तुमचंच यायचं, पटलं का तुला? आता मी ते बंद करणार होते, आणि तेही चार गुणांसाठी. एक अख्खा आठवडा मी सिंधी मैत्रिणीसारखी वागले. शब्द पकडला, ओळ शोधली, उतरवली. गुण मिळाले. आणि इतकं ओकंओकं वाटत होतं की विचारू नका. स्वयंपाकघरातून कुणी उठून गेल्यासारखं.

मग काल पुन्हा घसरले. दुसरा उतारा, दुसरा लेखक, माझी तीच जीभ. सरांनी या वेळी शेरा लिहिला नाही. पेन खाली ठेवलं आणि थकून म्हणाले, "मावशी, तुम्ही त्या माणसाचं ऐकूनच घेत नाही हो. दुसऱ्या ओळीलाच तुमचं सुरू होतं."

आणि अण्णा, बालवाडीच्या त्या बाकावर मला तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग आठवला. तुम्ही एकदम "पटलं का" कधीच विचारायचा नाहीत. त्याआधी विचारायचात, "काय म्हणतोय तो?" मी सांगायला लागले की मध्येच थांबवायचात. "हे तू म्हणतेयस. तो काय म्हणतोय?" पुन्हा सांगायचं. "त्याला बरं वाटेल असं सांग. तो इथे बसलाय आणि मान डोलावतोय, असं सांग." तेवढं जमलं की मग भांडायची परवानगी. किती कंटाळा यायचा मला त्या पहिल्या भागाचा! भांडण चविष्ट, म्हणून तेवढंच मी जपून ठेवलं आणि पुढे तेच म्हणजे तुम्ही, असं समजत आले. सर बिचारे तुमच्यापुढे फारच मवाळ आहेत. तुम्ही मला चारपैकी एकही दिला नसतात.

आज दुपारी शिलाई बाजूला सारून तो श्रमाच्या महतीचा उतारा पुन्हा काढला. सावकाश वाचला, लेखक समोर बसलाय असं धरून. कामगार कामाला कसे निघतात? चौकटीत लिहिलं, "उत्साहाने." बसलं बरोबर. जागा उरली.

आणि तो एक शब्द बघता बघता तुम्ही पहाटे दारात बसून बूट घालताना दिसलात. भोंगा होतोय, आई आतून ओरडतेय, "सकाळी सकाळी शीळ नका हो घालू, शेजारी काय म्हणतील!" तुम्ही शीळ घालायचात, अण्णा. रोज नाही, पण घालायचात. सगळ्यांना मी आयुष्यभर सांगत आले की माझे वडील फॅक्टरीत झिजले, भोंग्याला बांधलेले होते, आणि ते खोटं नाही. पण ती शीळ कशाची होती? कामावर जायचा आनंद, आईला चिडवायचा, की नुसती थंडी? तुमचं जगणं हा उतारा मी किती वेळा लोकांना सांगितला, दरवेळी माझ्याच मतासकट. तुम्ही काय म्हणत होतात ते विचारायला तेव्हा सुचलं नाही, आणि आता तुम्हाला विचारायचं म्हटलं तर टपालखात्याची तिथवर सोय नाही. मला माहीत नाही, एवढं एकदा लिहून टाकते. आता इथे या दारात बसलात ना, तर मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. तुमची शीळ संपेपर्यंत थांबेन.

हे पत्र सरावाच्या पानांच्या पाठीवर लिहिलंय. तिकडे तपासायला कुणी येत नाही. पुस्तिकेतच राहील.

खालून हाक येतेय. सिंधी मैत्रीण आलीय; पापड पोचवायला ती बदलापुरात येते, मग क्लासला आम्ही बरोबर जातो. तिने मला ती शब्द पकडायची युक्ती शिकवली तेव्हा बदल्यात एकच मागितलं होतं, की वाटेत तिच्याशी मराठीतच बोलायचं, तिची तोंडी परीक्षा आहे. मी हो म्हटलं आणि रोज जिना उतरायच्या आधीच हिंदीवर घसरते, कारण ते भराभर होतं. "दीदी, चलो ना, कितना टाइम लगाती हो!" ती ओरडतेय. मी खिडकीतून वाकून म्हटलं, "आले गं, चप्पल घालते. आज काय काय केलंस ते मला सगळं सांग. सावकाश सांग, मला घाई नाही."