घुमटावरची आडवी घडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कव्हरं शिवण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या कामाच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. मला कोणी धमकावलेलं नाही, गोड बोलून भुलवलेलंही नाही. अक्षर हलतं ते वयामुळे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण केलं असतं तर कलम पाच लिहावं लागलं असतं.

१. राहत्या दोन खोल्या आणि पुढचं दुकान माझ्या पत्नीला द्यावं. ते विकायचं की भाड्याने द्यायचं, हे तिचं तिने ठरवावं. चाळीस वर्षं ती पायाला दोऱ्यांचे तुकडे चिकटवून या घरात फिरली. आता तिला लादी स्वच्छ मिळाली पाहिजे.

२. बँकेत जे काही असेल तेही तिचंच.

३. कव्हरांचे माझे सगळे कागदी नमुने समोरच्या रेनकोटवाल्याला द्यावेत. स्कूटरच्या सीटचा माझा नमुना त्याने उचलला आणि वर मलाच म्हणाला, "तुमचं बघून नाही हो केलं, डोक्यातून आलं." नमुने मिळाले तर त्याच्या डोक्यातली मापं तरी बरोबर येतील. तो राग मी इथे सोडून देतो. इतरांवर रागवायचा हक्क मला फारसा उरलेला नाही.

४. घरातल्या दोन उभ्या स्पीकरसाठी मी आजवर अकरा जोड कव्हरं शिवली. जाड सुती कापडाची, आतून मऊ फलालीन लावलेली, मागच्या भोकाला हवा लागावी म्हणून झडप ठेवलेली, वरून घालायची, बाजूने बंदांची. शेवटच्या जोडाला लाकडी चौकट आहे आणि ती समोरून चार बोटं लांब राहते. बायको म्हणायची, "घरात माणसांना स्वेटर नाहीत आणि खोक्यांना अंगरखे!" लोकांना वाटायचं, काय ही हौस. ती हौस नव्हती. खाई त्याला खवखवे. यातले दहा जोड ज्याला हवे त्याला द्यावेत. पहिला जोड वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला आहे. तो कोणी टाकून देऊ नये.

५. स्पीकर माझे नाहीत, धाकट्या भावाचे आहेत. त्यामुळे ते द्यायचे नसून परत करायचे आहेत, आणि सोबत पुढची हकीकतही.

सत्तावीस वर्षांपूर्वी भाऊ, भावजय आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी याच घरात राहत होती. भावाने मोठ्या हौसेने हे स्पीकर आणले. प्रत्येकात वरच्या बाजूला ट्विटर असतो, म्हणजे बारीक आवाजाचं तोंड. त्यावर कोटाच्या बटणाएवढा, अगदी पातळ पत्र्याचा घुमट. भाऊ म्हणाला, "दादा, पोरीची बोटं फार चालतात. काहीतरी झाकण कर ना." मी कापडाचा माणूस. पण कापडाने बोट अडणार नाही म्हणून अतिशहाणपणा केला. समोर लोखंडी जाळी बसवली आणि ती लवू नये म्हणून आतून एक आडवी लोखंडी पट्टी लावली. ट्विटरच्या मागे जबर लोहचुंबक असतो, हे माझ्या गावीही नव्हतं.

दुपारी घरात कोणी नव्हतं. कव्हर डाव्या स्पीकरवर चढवायला गेलो. दोन बोटांचं अंतर राहिलं आणि ते कोणी हिसकावल्यासारखं पुढे गेलं. टप्प असा आवाज झाला. काढून पाहिलं तर घुमट चेपलेला, मधोमध आडवी घडी. मी कव्हर ट्रंकेत टाकलं, स्पीकरवर जुनी चादर घातली आणि चहा करून प्यालो. चांगला दोन कप प्यालो.

भाऊ घरी आला, चादर काढली आणि मुलीला हाक मारली. "बोट घातलंस?" तिने मान हलवली, नाही. "खरं सांग, मारणार नाही." पुन्हा नाही. मी दारात उभा होतो, तोंडात जीभ होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो." तेव्हा भावाने तिला मारलं. आणि मध्ये पडलो मी! "जाऊ दे रे, लेकरू आहे." भावजय म्हणाली, "भाऊजींचं मन मोठं." चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोराचं कौतुक झालं. खोटेपणापेक्षा त्या कौतुकाची मला जास्त लाज वाटते.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण तिला 'बोटाबाई' हे नाव मीच ठेवलं. "आली बोटाबाई, वस्तू झाका रे!" सगळे हसायचे, मग तीही हसायची. पुढच्या वर्षी भाऊ वेगळा राहायला गेला. स्पीकर इथेच ठेवले. म्हणाला, "दादा, तुझ्याकडे निदान जपले जातील."

पुतणी आज बत्तीस वर्षांची आहे. कोणाच्याही घरी गेली की दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहते. तिला शिवण शिकायचं होतं. मी कात्री पुढे केली तर मागे सरकली. "नको काका, माझ्या हातून बिघडेल." दवाखान्यात ती रोग्यांच्या नोंदी लिहिते, आणि तिथेही काचेचं काही उचलायचं असलं तर दुसऱ्याला सांगते. हे मला तिच्या आईकडून कळलं. तरी मी गप्पच राहिलो.

ज्याला खात्री करायची असेल त्याने घुमट पाहावा. बोटाने खळगा पडतो, घडी पडत नाही. जन्मभर इस्त्री केली, हे मला त्याच दिवशी कळत होतं.

६. माझं शिलाई मशीन आणि मोठी कात्री पुतणीला द्यावी.

७. कलम पाच सर्व नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचावं. तिला त्या नावाने यापुढे कोणी हाक मारू नये. ज्याला फारच सवय झाली असेल त्याने ते नाव मला लावावं.

पुरवणी

वरचा मजकूर लिहून मी साक्षीसाठी शेजारच्या रेडिओ मेकॅनिकला बोलावलं. कापडाने आवाज घुसमटतो यावरून त्याचं माझं वीस वर्षं वाजत आलंय. त्याने कलम पाच वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "काका, मेल्यावर कबुली द्यायला काय जातंय? आधी तिला बोलवा. मग सही."

रविवारी दुपारी ती आली. हात पाठीमागे. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ती रागावेल, रडेल, अशी मनाची तयारी केली होती. ती हसली. "काका, कशाला? मला आठवतंय की. घातलं होतं मी बोट. गार लागलं होतं."

तिने बोट घातलं, असं आम्ही इतक्या वेळा म्हटलं होतं की पोरीला तो गारवासुद्धा आठवत होता.

"मला बरं वाटावं म्हणून तुम्ही खोटं बोलताय," ती म्हणाली. "नका बोलू."

मग मी ट्रंकेतून पहिलं कव्हर काढलं. उजव्या स्पीकरवरचं झाकण उतरवलं. त्याचा घुमट सत्तावीस वर्षं जसाच्या तसा होता.

"हे धर आणि यावर चढव."

"नको, माझ्या हातून बिघडेल."

"बिघडू दे. त्यासाठीच देतोय."

फार वेळाने तिचे हात पुढे आले. दोन बोटांचं अंतर राहिलं आणि कव्हर तिच्या हातून सुटून पुढे गेलं. टप्प. तिने ते ओढून काढलं. मधोमध आडवी घडी. तिने डावा पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा पाहिला. मग घडीच्या खाली आपलं बोट टेकवलं आणि दाबलं. तिथे छोटा गोल खळगा पडला.

"हे बोटाचं," ती म्हणाली. "नीट बघून ठेवा."

मी पाहिलं. माफी मागायला तोंड नव्हतं, आणि तिने ती दिलीही नाही. निघताना टेबलावरची मोठी कात्री तिने न विचारता उचलली आणि दारातून म्हणाली, "बाबांना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

सबब कलम सहामधून कात्री वगळावी. ती तिच्या मालकिणीकडे गेली आहे. कलम पाचमध्ये 'दोन्ही घुमट चेपलेले' अशी दुरुस्ती समजावी. बाकी सर्व कायम.

हे सर्व मी वाचून पाहिलं. लिहिताना खाडाखोड केली नाही, करावीशी खूप वाटली.

ठिकाण : दुकानातलं टेबल
दिवस : त्यानंतरचा रविवार, सकाळ

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार पहिला, शेजारचा रेडिओ मेकॅनिक : (सही)

साक्षीदार दुसरा, लिहून ठेवणाराचा सख्खा धाकटा भाऊ : (सही)
त्याने कलम पाच दोनदा वाचलं. सहीखाली त्याच्या हातची एक ओळ आहे, ती तशीच राहू द्यावी :
"मारणार नाही, असं मी तिला म्हणालो होतो."