चिठ्ठीत निघालेली खुर्ची

सिस्टर,

जुलैचा दुसरा सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. सातवी ब, तिसरा तास. तुम्ही विसरला असाल, कारण तुमच्यासाठी तो एक तास होता. मला त्या दिवशीचा फळ्यावरचा सुविचारसुद्धा आठवतो, पण तो लिहून तुम्हाला खूश करायची माझी इच्छा नाही.

तुमच्या टेबलावर बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा आहे आणि त्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या. आठवड्यातून एकदा तुम्ही पुस्तकं मिटायला लावायचात आणि वर्गाचा बाजार व्हायचा, दवाखाना व्हायचा, रेल्वे स्टेशन व्हायचं. कोणी काय व्हायचं ते डबा ठरवणार. 'चिठ्ठी म्हणजे देवाची इच्छा,' असं तुम्ही म्हणायचात, म्हणून कुणी कुरकुर करायची नाही. लष्करी कॅम्पातल्या मेजरच्या मुलीला हमाल व्हावं लागलं तरी ती मुकाट्यानं बाकं उचलायची. आता याला 'रोल प्ले' म्हणतात, त्याची दोन दिवसांची ट्रेनिंगं होतात आणि वर सर्टिफिकेट मिळतं. तुम्ही ते कुठलाही गाजावाजा न करता एका डब्यावर चालवत होता, हे मी मान्य करते. वडगावच्या मागावर बसणाऱ्या विणकराच्या मुलीला, मला, कॅम्पातल्या त्या इंग्रजी शाळेत घेतलंत तेही तुम्हीच. तेही मान्य. पण त्यामुळे पुढचं माफ होत नाही.

त्या सोमवारी वर्गाचं पोस्ट ऑफिस झालं आणि मला चिठ्ठी आली, पोस्टमास्तरची. मी तुमच्या वेताच्या खुर्चीत बसले. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. समोर पाच-सहा मुली रांगेत, आणि पहिली मेजरची मुलगी, दोन तिकिटं मागणारी. मी ओरडले, "एकेक जण! दिसत नाही, शिक्के मारतेय ते?" ओरडले इंग्रजीतच, पण आवाज वडगावचा होता. मी पाहिलेले पोस्टमास्तर असेच ओरडायचे, आणि खिडकीच्या अलीकडे माझी आई उभी असायची. ते मी हुबेहूब केलं होतं. वर्ग हसला. मला वाटलं, तुम्हीही हसाल.

"खाली उतर," तुम्ही म्हणालात. "पोस्टमास्तर असा बोलत नाही. तू गिऱ्हाईक हो, ते तुला शोभेल." हे तुम्ही इंग्रजीत म्हणालात, पण मला लागलं ते मराठीत. मेजरची मुलगी खुर्चीत गेली आणि मी रांगेत. देवाची इच्छा तुम्ही अकरा वाजून दहा मिनिटांनी बदललीत, सिस्टर. मग हात पुढे करून म्हणालात, "चिठ्ठी दे." मी ती तोंडात टाकली. "तोंड उघड," म्हणालात. मी उघडलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मेजरच्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं, काय हवंय आपल्याला? मी गाल फुगवून तशीच उभी. तास संपेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि प्रगतिपुस्तकात तुम्ही लिहिलंत, 'आपली भूमिका स्वीकारत नाही.'

बरोबर लिहिलंत. आजही स्वीकारत नाही.

मी बाई झाले. आधी बेळगुंदीला, मग कंग्राळीला, मराठी शाळांमधून. तुमच्या बाकीच्या पद्धती मी कॅम्पात सोडून आले, डबा तेवढा घेतला. माझा डबा बिस्किटांचा नव्हता, खोबरेल तेलाचा होता, आणि चिठ्ठ्यांना शेवटपर्यंत तेलाचा वास येत राहिला. नियम एकच होता. चिठ्ठी बदलायची नाही. मुकी वाटणारी पोरगी वकील झाली तर ती वकील. अडखळली तर अख्खा वर्ग थांबेल, पण ती उठणार नाही. शाळा तपासायला आलेले इन्स्पेक्टर समोर बसलेले असताना माझ्या वर्गात गुराख्याच्या मुलानं कलेक्टर होऊन त्यांनाच पाणी आणायला पाठवलं होतं. ते गेले, आणि हसत पाणी घेऊन आले. तुम्ही असता तर तुम्हाला घाम फुटला असता.

निवृत्तीनंतर मी घरी बसेन असं माझ्या सुनेला वाटत होतं. मी आठवड्यातून दोनदा वडगावातल्या एका शाळेत जाते. पावरलूमवर काम करणाऱ्यांच्या मुली आहेत. या महिन्यात आम्ही नाडकचेरीची, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीची, खिडकी घेतली, कारण जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढायला घरातून यांनाच पाठवतात. इथले सरकारी फॉर्म कन्नडमध्ये, आई-वडलांना वाचता येत नाही, आणि पोरीला खिडकीशी गेलं की घाम सुटतो. क्लार्कची चिठ्ठी आली ती एका हडकुळ्या मुलीला, जी वर्गात हजेरीलासुद्धा मान खाली घालून ओ देते. ती खुर्चीत बसली, ओढणी सारखी केली, आणि पहिल्याच पोरीला म्हणाली, "नाळे बन्नी! सर्व्हर डाऊन हाय."

उद्या या! वर्गात हसू फुटलं. सगळ्याजणी कधी ना कधी हे ऐकून परत आलेल्या.

"व्हय गं, उद्या का?" रांगेतली पोरगी चिडली. "उद्या शाळा हाय माझी. आजच बघा की."

"मोठ्यानं बोलू नको. शिक्का कुणाकडं हाय? माझ्याकडं."

"शिक्का तुमच्याकडं हाय, पण कागद माझा हाय. पोचपावती द्या मग. त्याच्यावर तारीख घाला."

खुर्चीतलीनं रांगेकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "बाई, हिकडनं बघितलं की रांग लई मोठी दिसतीया. भ्या त्या क्लार्कलाच वाटत असंल."

सिस्टर, तुमच्या सगळ्या तासांत कुणी एवढं शिकलं होतं का? मला शिकायचं होतं. मला फक्त अजून पाच मिनिटं बसायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. येत्या शुक्रवारी अधिकारी शाळा बघायला येणार आहेत आणि हाच पाठ दाखवायचा आहे. परवा हेडसरांनी मला व्हरांड्यात गाठलं, डबा माझ्या काखेत होता. पोरगा सज्जन आहे, माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "बाई, तेवढी क्लार्कची चिठ्ठी बदला की. दुसरी एखादी नीटनेटकी बोलणारी घ्या. ही लई गावठी करतीया. आणि नाळे बन्नी तर नकोच."

"चिठ्ठी तिला आलीय, सर."

"चिठ्ठीचं काय एवढं? तिला रांगेत उभी करा. शोभंल तिला."

शोभेल. तोच शब्द. पन्नासहून जास्त वर्षांनी, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या तोंडून. आणि मी तुमच्यापासून लपवणार नाही, माझा हात डब्याकडं गेला होता. मला वाटलं, एवढंसं तर आहे, शाळेचं नाव राहील, पोरगी विसरून जाईल. झाकण अर्धं उघडलं होतं मी. म्हणजे तुम्ही दुष्ट नव्हतात. तुमचाही तास बघायला कुणी आलं होतं, हे मला आत्ता, हे लिहिताना आठवतंय. मदर सुपीरियर दारात उभ्या होत्या त्या दिवशी. इतकी वर्षं मी त्यांना त्या आठवणीत येऊच दिलं नाही.

पण म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही. झाकण मी लावलं. हेडसरांना सांगितलं, "ती उठणार असेल तर मीही उठते. मग पाठ तुम्हीच घ्या, आणि क्लार्क तुम्हीच व्हा." ते म्हणाले, विचार करतो. करू देत.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुम्ही आहात ती जागा कॅम्पातल्या चर्चच्या मागे, क्रुसांच्या रांगेत आहे आणि तिथे टपाल जात नाही. डब्यात ठेवीन, चिठ्ठ्यांच्या खाली. आणि एक. ती चिठ्ठी मी गिळली, असं मी नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, दर वर्षी वर्गाला सांगितलं. गिळली नव्हती. सुट्टीत नळाजवळ थुंकले आणि उलगडून वाचायचा प्रयत्न केला. शाई गेली होती. त्यावर पोस्टमास्तरच होतं ना, हे मला आता तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

तेव्हा उत्तर लेखी हवं, येत्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांच्या आत. पाठ तेव्हाच सुरू होतो. तोवर उत्तर आलं नाही, तर ती मुलगी त्या खुर्चीत बसायला आपली हरकत नाही असं समजण्यात येईल.